एल्स्पी स्टर्रॉकची सवत

एल्स्पी स्टर्रॉकला सवत होती. सवतीला एकशे चौदा खिडक्या होत्या, एकोणतीस धुराडी होती, डोक्यावर पाऊण एकराचं, निळसर स्लेटच्या पातळ दगडी चकत्यांचं छप्पर होतं, आणि खोऱ्यातली माणसं तिला अदबीनं ड्रमलेथीची हवेली म्हणत. एल्स्पी नुसतं 'ती' म्हणायची. सकाळी ओटची पेज ढवळताना तिला खिडकीतून नवरा दिसायचा. शिडी खांद्यावर टाकून तो चढणीला लागला, की हिचं तोंड सुरू व्हायचं.

"निघाली स्वारी. आज काय दुखतंय तिचं? डोकं की खांदा?"

शेजारची बेथिया, म्हणजे हवेलीच्या मालकांच्या रानाच्या राखणदाराची बायको, हसून हसून बेजार व्हायची. "अगं, दगडाची इमारत ती. दगडावर कसली जळतेस?"

"नुसते दगड असते तर बरं होतं. दगडांवर कुणी रोज हात फिरवत नाही."

बेथियाला ही थट्टा वाटे. सगळ्या खोऱ्याला वाटे. एल्स्पीचं जळणं मात्र खरं होतं, अगदी तळपायापासूनचं, आणि ते तेहेतीस वर्षं टिकलं.

एल्स्पी मुळात डोंगराकडची नव्हे. ती समुद्रावरच्या फेरीडेनची, कूल आडनावाच्या कोळ्यांची पोरगी. तिथल्या बायकांचा एक रिवाज होता. पहाटे होड्या निघताना नवऱ्याचे बूट भिजू नयेत म्हणून बायका परकर खोचून त्यांना पाठुंगळी घेत आणि गुडघाभर पाण्यातून होडीपर्यंत नेऊन सोडत. भिजक्या पायांनी दिवसभर समुद्रावर बसायचं म्हणजे आजारपणच. एल्स्पीच्या आईनं तिच्या बापाला वीस वर्षं असं नेलं. तेव्हा नवरा म्हणजे आपल्या पाठीवरचा माणूस, त्याचं सगळं ओझं आपलं आणि तोही सगळा आपला, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक. डोंगराकडच्या बायकांना हे ऐकून हसू फुटायचं. एल्स्पीला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नसे.

वॉटी स्टर्रॉक फेरीडेनला आला तो चर्चचं छप्पर शाकारायला. स्टर्रॉकांच्या तीन पिढ्या ड्रमलेथीच्या छपरावर गेलेल्या. आजोबांनी पूर्वेकडची बाजू शाकारली, बापानं मधला घुमट. आमच्याकडे स्लेट एकाच खिळ्यावर टांगतात, वरच्या टोकाला. एखादी फुटली तर शेजारची जराशी बाजूला फिरवायची, फुटकी काढायची, नवी सरकवायची आणि शेजारची पुन्हा जागेवर आणायची. वॉटी हे काम असं करायचा, की खालून बघणाऱ्याला वाटावं हा कुणाचे तरी केस विंचरतोय. एल्स्पीचा जीव त्याच्यावर जडला तो त्याला छपरावर बघूनच. पुढे हे ती मरेपर्यंत कबूल करणार नव्हती.

एकोणीसशे एकवीस सालच्या नोव्हेंबरात लग्न झालं. जाळी ठेवायच्या माडीवर नाच रंगात आला होता, फिडलवाला घामाघूम झाला होता, आणि मध्येच नवरदेव थबकला. बाहेर वारा सुटला होता. "पश्चिमेचा आहे," एवढंच म्हणाला आणि कान देऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताच सायकल काढून अठरा मैलांवरच्या हवेलीकडे गेला. एल्स्पी मागाहून आपली लाकडी पेटी घेऊन सामानाच्या गाडीत बसून एकटीच सासरी आली. वाटेत गाडीवान म्हणाला, "ते बघ ड्रमलेथी." झाडांच्या वर ते छप्पर पसरलेलं होतं आणि त्यावर मुंगीएवढा तिचा नवरा. एल्स्पीनं तिथंच तोंड दुसरीकडे फिरवलं.

हवेली तेव्हा भरात होती. मालकांच्या पणजोबांनी हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशावर ती बांधलेली. बेचाळीस नोकरमाणसं, बारा शेतवाड्या, काचेच्या घरात द्राक्षं, आणि ऑगस्टात शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांची रांग. मालकीणबाई एकदा वॉटीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "स्टर्रॉक, हे घर तुमच्यामुळे कोरडं आहे." वॉटी ते वाक्य घरी घेऊन आला आणि वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं त्यानं. त्याच वर्षभर स्टर्रॉकांच्या स्वतःच्या झोपडीत पलंगाच्या पायथ्याशी पाणी ठिबकत होतं. "बघतो गं पुढच्या आठवड्यात." अकरा वर्षं तो पुढचा आठवडा उगवला नाही.

मुलगी झाली, नेटी, तेव्हा वॉटी पूर्वेकडच्या उतारावर होता. बेथिया धावत गेली, खालून ओरडली. वरून आवाज आला, "एल्स्पी कशी आहे?"

"बरी आहे! ये की खाली!"

"बरी आहे ना? मग एवढी ओळ संपवून येतो!"

ओळ संपेस्तोवर दिवेलागण झाली. एल्स्पी बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. वॉटीनं लेकीला बघून डोळ्यांत पाणी आणलं, नाही असं नाही. वाईट माणूस नव्हताच तो. दारू नाही, हात उगारणं नाही, परक्या बाईकडे बघणं नाही. एल्स्पीचं दुःख हेच होतं. परकी बाई असती तर केस धरून ओढता आली असती.

मग दिवस फिरले. शेतवाड्या एकेक करून विकल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सैनिक हवेलीत राहिले, त्यांनी नाचघरात सरपण फोडलं. मालकांचा एकुलता मुलगा लढाईत गेला, मालकीणबाई त्या दुःखात गेल्या, आणि कर्नल मालक एकटेच फाटकाजवळच्या लहान घरात राहायला आले. नोकरांपैकी उरला तो वॉटी. नेटीही तोवर लग्न होऊन गेलेली. खोल्यांना वारा लागावा म्हणून दर शुक्रवारी खिडक्या उघडायचं काम एल्स्पीकडे आलं आणि किल्ल्यांचा जुडगाही. सवतीच्या घरच्या किल्ल्या कमरेला! ती शुक्रवारी रिकाम्या दालनांतून फिरायची आणि मोठ्यानं बोलायची, "काय गं, उतरला ना तोरा? आरसे गेले, गालिचे गेले. आता माझ्या नवऱ्याला तरी सोड."

कारण वॉटीनं वचन दिलं होतं. "तिला माझी गरज आहे तोवर इथं. मग फेरीडेन. तुझ्या बापाचं घर रिकामंच आहे, तुझ्या भावाच्या शेजारी राहू." एल्स्पी त्या वचनावर दिवस मोजत होती. रिकामी हवेली कोण किती दिवस सांभाळणार?

त्रेपन्नच्या जानेवारीत ते मोठं वादळ आलं. शनिवारच्या सकाळी दोन-तीन तासांत डोंगरउतारावरची झाडंच्या झाडं आडवी झाली. वारा थोडा पडताच वॉटी धावला. दुपारी परत आला तो हसत होता आणि रडतही होता. "अकरा! एल्स्पी, एवढ्या वाऱ्यात तिच्या फक्त अकरा स्लेट गेल्या!"

"आपलं धुराडं पडलंय," एल्स्पी म्हणाली. "ओट्यावर विटा आहेत. बघून बस."

आणि मार्चात कारभारी किनियरसाहेब बातमी घेऊन दारात आले. एडिंबराची एक मुलींची शाळा हवेली घेणार होती. शाळेचा माणूस गुरुवारी बघायला येणार. छप्पर धड असेल तर व्यवहार झालाच, आणि वॉटीला त्यांनी ठेवूनच घ्यायचं, राहायला तबेल्यावरच्या चांगल्या खोल्या. साहेब गेले. वॉटी साठीचा, पण चेहरा बोहल्यावरच्या नवरदेवासारखा.

"दहा वर्षं, एल्स्पी! निदान दहा!"

"आणि फेरीडेन?"

"जाऊ गं. समुद्र काय कुठं पळून जातोय?"

हे तो अगदी सहज बोलला. एल्स्पीनं बटाटे सोलायला घेतले. बटाट्यांची सालं त्या दिवशी बोटभर जाड निघाली.

गुरुवारी वॉटी सकाळपासून बाहेरच्या बाजूला पन्हाळी साफ करत होता. वधूपरीक्षेला मुलगी सजवावी तसा. आठवडाभर पाऊस पडून आदल्या दिवशी थांबलेला. एल्स्पीनं मागच्या दारानं हवेलीत शिरून मोरीतल्या बादल्या काढल्या, पंपाखाली भरल्या आणि नोकरांच्या जिन्यानं वर निघाली. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, दोन हातांत दोन बादल्या. कोळ्याची पोर ती, वयाच्या बाराव्या वर्षापासून पाठीवर मासळीची टोपली वाहिलेली. तीन खेपा केल्या. छपराखालच्या माळ्यावर, मधल्या वाटेच्या कडेनं तिनं सहा बादल्या मांडल्या, कुठं अर्धी, कुठं पाऊण, आणि भोवती ओंजळभर पाणी शिंपडलं. हात पुसले आणि वर तुळयांकडे बघून म्हणाली, "आता बघू."

शाळेचा माणूस बारीक, छत्रीवाला. माळ्यावर येताच थांबला. छत्रीच्या टोकानं एका बादलीतलं पाणी हलवून बघितलं. "बाई, हे नेहमीचंच का?"

"मी आपली बादल्या रिकाम्या करते, साहेब."

त्यानं वहीत एक ओळ लिहिली आणि खाली उतरला. त्याची मोटार गेल्यावर, वॉटी पुढच्या बाजूला होता तोवरच, एल्स्पीनं सगळं पाणी मागच्या पन्हाळीत ओतून बादल्या मोरीत नेऊन ठेवल्या.

पंधरा दिवसांनी शाळेनं पर्थकडचं दुसरं घर घेतल्याचं पत्र आलं. किनियरसाहेबांनी वॉटीला अंगणातच सांगितलं, "छप्पर गळतं म्हणाले. माळ्यावर सहा बादल्या भरलेल्या होत्या."

वॉटी घरी आला तो पांढराफटक. "तू ठेवल्या होत्यास?"

"शुक्रवारी ठिबकताना दिसलं, म्हणून ठेवल्या. तुझ्या जिवाला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही."

"कुठं ठिबकत होतं?"

"आता ते कसं सांगू? काळोख असतो तिथं. उत्तरेकडे असेल."

त्यानं एका शब्दानं शंका घेतली नाही. एल्स्पी तोंडाळ होती, पण आयुष्यात त्याच्याशी खोटं बोललेली नव्हती.

मग उन्हाळाभर वॉटी गळती शोधत राहिला. पाऊस आला की कंदील घेऊन माळ्यावर जायचा आणि लाकडी फळ्यांखाली उताणा पडून वर बघत राहायचा. उत्तरेचा सगळा उतार उकलून त्यानं पुन्हा बसवला. काही सापडेना. "नजर गेली बहुतेक," तो म्हणायला लागला. "हात गेले." जेवताना चमच्यातली पेज सांडायची. एल्स्पीला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वाईट वाटण्याच्या तळाशी राग बसलेला होता. माझ्यासाठी हा कधी एक घास कमी जेवला होता? नेटीच्या जन्मानंतर मी तापानं फणफणले होते, तेव्हा सांडली होती का याची पेज?

शरदात किनियरसाहेब पुन्हा आले. छप्पर असलेल्या घराची पट्टी भरावी लागते, बिनछपराच्या घराची नाही. त्या सुमारास आमच्या भागातली कितीतरी मोठी घरं याच हिशेबानं बोडकी झाली. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "छप्पर उतरवायचं का, ते कर्नल तुला विचारून ठरवणार आहेत, स्टर्रॉक. छप्पर ठीक करीन म्हणालास तर आणखी एक गिऱ्हाईक बघू. काय सांगू?"

वॉटीनं टोपी काढली. एल्स्पी आत चुलीपाशी उभी होती, हातात झाकण.

"मला गळती सापडत नाही, साहेब," वॉटी म्हणाला. "सापडत नाही ती दुरुस्त कशी करू? काढा."

खरं सांगायला एका वाक्याचं काम होतं. एल्स्पीनं झाकण भांड्यावर ठेवलं.

छप्पर वॉटीनंच उतरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चौपन्नच्या उन्हाळ्याचे सहा आठवडे लागले. स्लेट पेंढ्यात बांधून ट्रकनं डंडीला गेल्या, तिथल्या नव्या घरांसाठी. एकेक फळी उघडी पडली की वॉटी ती पुढून मागून बघायचा, हुंगायचा. जुने डाग होते, ते त्याच्या ओळखीचे होते, हा बापाच्या वेळचा, हा लढाईतला. नवा एकही नव्हता. त्यामुळे तो जास्तच कोड्यात पडला. पुढं हिवाळ्यात नाचघरात पाऊस कोसळायला लागला, दोन वर्षांनी भिंती सुरुंगानं उडवल्या, आणि आता तिथं मेंढरं चरतात. नव्या माणसाला सांगितलं तर पटत नाही की इथं काही होतं.

पण त्या भिंती पडण्याआधीच, चौपन्नच्या सप्टेंबरात, एल्स्पी नवऱ्याला घेऊन फेरीडेनला आली. लाकडी पेटी गाडीतून उतरवताना तिला गाणं सुचत होतं. बापाचं घर झाडलं, ओटच्या पिठात घोळवून हेरिंग मासे तळले, दार उघडं टाकून समुद्र दिसेल अशी दोन खुर्च्यांची जागा केली. पंधरा दिवस ती तेहेतीस वर्षांत नव्हती एवढी सुखात होती. नवरा दिवसभर डोळ्यांसमोर! कुठं जाणं नाही, चढणं नाही.

सोळाव्या दिवशी वॉटी हेरिंगचा काटा काढता काढता म्हणाला, "मधल्या धुराड्याच्या बुडाशी असेल का गं?"

"काय?"

"गळती."

मग रोजच सुरू झालं. सकाळी डोळे उघडताच, "धुराड्याभोवतीचा शिशाचा पत्रा फाटला असेल, केसाएवढा." बंदरावर फिरताना, "वाऱ्यानं पाऊस उलटा वर चढत असेल." ड्रमलेथीला असताना तो हवेलीबद्दल एवढं कधी बोललाच नव्हता. ती उभी होती तेव्हा निदान संध्याकाळी हा घरी यायचा, एल्स्पीच्या मनात आलं. आता तर ती मेली आणि माझ्याच घरात राहायला आली. हा चहा माझ्या हातचा पितो आणि बसलेला असतो तिच्याजवळ.

एके दिवशी सकाळी एल्स्पीचा भाऊ अ‍ॅलिक दारात आला. "वॉटीभावोजी, रात्रीच्या वाऱ्यानं माझ्या दोन स्लेट गेल्या. शिडी लावून ठेवलीय. येता का जरा?"

वॉटी खुर्चीतून हलला नाही. "कुणीतरी चांगला माणूस बघ, अ‍ॅलिक."

"चांगला माणूस? तुमच्याहून चांगला कुठून आणू?"

"माझं छप्पर गळत होतं," वॉटी म्हणाला. "मला माहीतसुद्धा नव्हतं."

अ‍ॅलिक बहिणीकडे बघत राहिला आणि मान हलवत गेला. एल्स्पीला पश्चात्ताप झाला म्हणून ती बोलली, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. तिला ती मेलेली बाई घराबाहेर काढायची होती. आणि आत कुठंतरी असंही होतं की याला एकदा कळू दे, मी काय काय केलंय ते. चिडू दे, दोन शिव्या घालू दे, घर सोडून जाऊ दे. पण निदान एकदा त्याच्या मनात तिच्याऐवजी मी असू दे.

ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "वॉटी, ते पाणी मी ठेवलं होतं."

"बादल्या तू ठेवल्या होत्यास, माहीत आहे मला."

"बादल्या नाही. पाणी. खालून पंपावरून भरून नेलं. तीन खेपा केल्या. त्या माणसानं बघावं म्हणून."

समुद्रावर कुणाची तरी होडी लागत होती, माणसं हाका मारत होती. एल्स्पीनं एप्रनचा कोपरा मुठीत घट्ट धरला.

"म्हणजे वरून पडलं नव्हतं?"

"नाही."

"थेंबसुद्धा?"

"ठणठणीत कोरडं होतं. मीच पायऱ्या चढून..."

"कोरडं होतं," वॉटी म्हणाला. तो उठला. त्याच्या तोंडावर एकेक सुरकुती उलगडत गेली. त्यानं तिचे दोन्ही दंड धरले, भर दारात, रस्त्यावरच्या बायकांदेखत. आयुष्यात कधी धरले नव्हते. "परत सांग."

"कोरडं होतं, वॉटी. पण मी तुझ्याशी खोटं बोलले. माझ्यामुळे ती..."

"आठवडाभर पाऊस पडून! आणि ते वादळ होऊन! फळ्या मी हुंगल्या होत्या, एल्स्पी, मला वासच येत नव्हता ओलीचा. मी म्हणत होतो ना? म्हणत होतो की नाही मी?" तो हसत होता, डोळे वाहत होते, आणि एल्स्पीला वाटलं, हा आपल्याला मिठी मारतोय. पण तो तिच्या खांद्यावरून कोट ओढून घेत होता, दारामागे टांगलेला. खिशात हातोडा होता तो चाचपून बघितला आणि अ‍ॅलिकच्या घराकडे चालायला लागला. चालता चालता शीळ.

एल्स्पी त्याच्यामागून गेली. ती पोचेपर्यंत तो शिडीच्या वरच्या पायरीवर होता आणि अ‍ॅलिकला सांगत होता, "एक थेंब नाही, अ‍ॅलिक! शेवटच्या दिवसापर्यंत!" मग त्यानं एक स्लेट हलकेच बाजूला फिरवली आणि हात आत घातला.

एल्स्पीनं शिडी धरली. वर बघून म्हणाली, "वॉटी, तू मला काही बोलणार नाहीस?"

तोंडात खिळा धरून त्यानं खाली बघितलं. खरंच न समजून विचारलं, "कशाबद्दल?"